‘पत्र आलं की निघा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

संशोधनासाठी युरोपात निघालेल्यांमध्ये एक मेसेज सतत पुढे ढकलला जातोय. त्याचा सारांश असा: तिथल्या प्राध्यापकाचं आमंत्रणपत्र पुरेसं असतं. परमिटला, म्हणजे तिथे राहण्याच्या परवान्याला, फार वेळ लागतो, म्हणून टुरिस्ट व्हिसावर जा, पुढचं तिथे गेल्यावर बघता येतं. पीएचडी झालेली नसेल तर संशोधकाचं परमिट विसरा. जोडीदाराला काम करता येत नाही, आणि करार संपला की लगेच परत.

हा मेसेज पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असेलही. पण त्याच्या भरवशावर लोक नोकरी सोडतात, घर रिकामं करतात. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी पत्राचं. युरोपीय संघाचा २०१६ चा निर्देश (सदस्य देशांनी आपल्या कायद्यात उतरवायचे नियम), क्रमांक २०१६/८०१, संशोधकाकडे यजमान संस्थेशी केलेला करार मागतो. जर्मनीत त्याला ‘आउफनामेफेराइनबारुंग’ म्हणतात. माझ्या ओळखीच्या एका मुलीकडे प्राध्यापकांचं अतिशय आपुलकीचं पत्र होतं: ‘हिवाळ्यापासून साधारण दीड वर्ष आमच्या गटात यावं.’ व्हिसाच्या खिडकीपलीकडच्या बाईंनी ते वाचलं आणि तसंच परत सरकवलं. सुरुवातीची तारीख नाही, शेवटची नाही, संस्थेची सही नाही. करारात नेमकं हेच असावं लागतं: संशोधनाचा विषय किंवा उद्देश, दोन्ही तारखा किंवा अंदाजे कालावधी, संशोधन पूर्ण करण्याचा प्रयत्न करण्याची तुमची हमी आणि त्यासाठी तुम्हाला घेण्याची संस्थेची हमी. प्राध्यापक हौसेने पत्र देतात, करार मात्र संस्थेच्या कार्यालयातून निघतो. तेव्हा पहिल्याच ईमेलमध्ये तो मागा. संकोच करू नका.

आता टुरिस्ट व्हिसा, मेसेजमधला सर्वांत घातक सल्ला. तो कुठून आला असावा याचा अंदाज आहे. जपान, अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा काही मोजक्या देशांच्या नागरिकांना जर्मनीत व्हिसाशिवाय उतरून तिथेच परमिटचा अर्ज करता येतो. त्यांच्यापैकी कुणी आपला अनुभव लिहिला असेल आणि तो सगळ्यांसाठीचा नियम म्हणून पसरला असेल. मूळ नियम असा की अर्ज करताना तुम्ही त्या देशाबाहेर असायला हवं, किंवा तिथलं वैध परमिट वा दीर्घ मुदतीचा व्हिसा हातात हवा. यातलं काहीच नसताना, पण कायदेशीरपणे आत असताना अर्ज घ्यायची मुभा आहे, पण ती त्या-त्या देशाच्या मर्जीवर. शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांत चालणाऱ्या अल्प मुदतीच्या व्हिसावर, १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, आणि अर्ज स्वीकारलाच नाही तर प्रयोगशाळेतलं काम अर्धवट टाकून परतावं लागतं.

वेळ लागतो हे मात्र खरं. पण त्यालाही मर्यादा आहे: पूर्ण अर्ज दिल्यापासून निर्णयाला जास्तीत जास्त ९० दिवस, आणि संस्थेला त्या देशाने खास मान्यता दिलेली असेल तर ६०. ‘पूर्ण’ हा शब्द महत्त्वाचा. एखादा कागद कमी असला तर तो येईपर्यंत घड्याळ थांबतं. त्यामुळे संस्थेला अशी मान्यता आहे का, हे आधी विचारून घ्या.

पीएचडीचं उत्तर छोटं आहे. पीएचडीला प्रवेश मिळवून देणारी पदवी चालते.

जोडीदाराबद्दलच्या अफवेने मला सर्वांत जास्त त्रास होतो, कारण तिच्यामुळे माणसं वर्षानुवर्षं वेगळी राहतात. निर्देशानुसार संशोधकाच्या कुटुंबीयांना नोकरी किंवा स्वतःचा व्यवसाय करता येतो. अपवाद आहे, पण तो बेरोजगारी फार वाढल्यासारख्या असाधारण परिस्थितीपुरता. ‘तिथे येऊन मी घरीच बसणार का?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असं आहे. ते आधी कळलं असतं तर कितीतरी जणांनी वेगळा निर्णय घेतला असता.

एक सावधगिरी: डेन्मार्क आणि आयर्लंड या निर्देशाबाहेर आहेत, तिथले नियम तिथेच तपासा.

आणि करार संपला की लगेच परत? संशोधन पूर्ण झाल्यावर नोकरी शोधायला किंवा व्यवसाय सुरू करायला किमान ९ महिने राहता येतं. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो, आणि चालू परमिट संपायच्या किमान ३० दिवस आधी तो द्या, अशी अट देश घालू शकतात. त्यामुळे परमिट हातात पडेल त्याच दिवशी त्यावरची शेवटची तारीख बघा आणि त्याच्या दोन महिने आधीची खूण कॅलेंडरवर करून ठेवा.