टेकड्या वाचवायच्या तर त्या विकत घ्याव्या लागतील

न्यू जर्सीतील आमच्या घराच्या मालमत्ताकराच्या बिलात शाळा, काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) आणि गाव यांच्या मोठ्या रकमांच्या जोडीला दोन लहान आकडे वेगळे छापलेले असतात. एक काउंटीच्या मोकळ्या जागांच्या निधीचा आणि दुसरा गावाच्या अशाच निधीचा. घराच्या मूल्यांकनातील दर शंभर डॉलरमागे काही सेंट एवढाच हा कर असतो, पण तो मतदारांनी निवडणुकीत होकार दिल्यावरच लागू झालेला असतो आणि त्यातून जमा होणारा पैसा कशावर खर्च करायचा हे आधीच ठरलेले असते. राज्यातील 21 च्या 21 काउंटींमध्ये आज असा कर आहे. पुण्याच्या टेकड्यांवरील वाद वाचताना मला प्रत्येक वेळी हे दोन आकडे आठवतात.

पुण्यातला वाद थोडक्यात असा. 1997 मध्ये महापालिकेत आलेल्या 23 गावांच्या विकास आराखड्यात बाणेर, पाषाण, वारजे अशा भागांतील टेकड्यांवर सुमारे 978 हेक्टर क्षेत्र जैववैविध्य उद्यानासाठी, म्हणजे बीडीपीसाठी, आरक्षित केले गेले. तेथे बांधकाम होऊ द्यायचे नाही, हे ठरले. जमीन बहुतांशी खासगी मालकीची असल्याने मोबदल्याचा प्रश्न उभा राहिला, आणि राज्य सरकारने रोख रकमेऐवजी 8 टक्के टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागी वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, देण्याचा निर्णय घेतला. जमीनमालकांना तो अत्यंत अपुरा वाटतो, महापालिका भूसंपादनासाठी पैसा नाही म्हणते, आणि टेकडीप्रेमी नागरिकांना थोड्याही बांधकामाची सवलत म्हणजे टेकडी संपण्याची सुरुवात वाटते. मला या तिघांचेही म्हणणे खरे वाटते. म्हणूनच केवळ आरक्षणावर विसंबून ही टेकडी वाचेल यावर माझा विश्वास उरलेला नाही.

माझ्या एका शाळासोबत्याच्या कुटुंबाची अशी जमीन आहे. झोन दाखल्यावर बीडीपी लिहिलेले असल्याने ती विकली जात नाही, तिच्यावर घर बांधता येत नाही, आणि उतारावर पूर्वी होणारी नाचणी आता कोणी करत नाही. मागच्या सुट्टीत त्याच्याबरोबर तेथे गेलो, तेव्हा कुंपणाच्या तारा तुटलेल्या होत्या, वरच्या बाजूला कोणीतरी राडारोडा आणून टाकला होता आणि खालच्या अंगाला पत्र्याच्या दोन खोल्या उभ्या राहिल्या होत्या. कागदावर ते उद्यान आहे. शहराच्या श्वासासाठी एका कुटुंबाने आपली मिळकत अशी अडकवून ठेवावी आणि त्याचा भार बाकीच्या लाखो करदात्यांनी काहीच उचलू नये, हे मला न्याय्य वाटत नाही.

आरक्षणाच्या मुदतीचा धोकाही आहेच. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 127 प्रमाणे आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतरच्या ठरलेल्या मुदतीतही संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. महाराष्ट्रातील कित्येक शहरांनी खेळाची मैदाने आणि बागा अशाच गमावल्या आहेत.

न्यू जर्सीत 1961 मध्ये मतदारांनी 6 कोटी डॉलरच्या रोख्यांना मान्यता दिली आणि ‘ग्रीन एकर्स’ ही योजना सुरू झाली. त्यानंतर वेळोवेळी नव्या रोख्यांसाठी मत मागितले गेले. 2014 मध्ये न्यू जर्सी राज्याच्या घटनेतच दुरुस्ती करून कंपनीकराचा ठरावीक हिस्सा पर्यावरणाच्या कामांना बांधून दिला गेला आणि त्याचा मोठा भाग मोकळ्या जागा, शेतजमिनी व ऐतिहासिक वास्तूंच्या जतनासाठी ठेवला गेला. या व्यवस्थेतील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे तिची अट: जे गाव स्वतःचा कर लावते त्याला जमीन खरेदीसाठी राज्याकडून अधिक अनुदान मिळते, आणि गरीब शहरांना त्याहूनही जास्त. घेतलेली जमीन राज्याच्या नोंदीत जाते. पुढे तिचा दुसरा वापर करायचा असेल तर वरपर्यंत मंजुरी घ्यावी लागते आणि बदली जमीनही द्यावी लागते. नगराध्यक्ष बदलला म्हणून बाग बदलत नाही.

येथे सगळे निर्मळ आहे असे मी म्हणणार नाही. काही सधन गावांनी मोकळी जमीन विकत घेतली ती निसर्गप्रेमाइतकीच परवडणारी घरे आपल्या हद्दीत येऊ नयेत म्हणून, असा आरोप येथे होतो आणि तो मला अनाठायी वाटत नाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1975 च्या माउंट लॉरेल निकालात गावांना स्वस्त घरांची जबाबदारी टाळता येणार नाही असे बजावले, ते अशाच वृत्तीमुळे. पुण्यात हा निधी उभारायचा झाल्यास टेकडीच्या पायथ्याला वस्ती करून राहिलेल्या कुटुंबांच्या घरांचा विचार पहिल्या दिवसापासून करावा लागेल.

तरीही मूळ कल्पना आपल्याला परकी नाही. पुण्याच्या मिळकतकराच्या बिलात वृक्षकर आणि शिक्षणकर वेगळे दिसतात. त्यात टेकडी व मैदान संपादनाचा लहानसा उपकर जोडावा, त्याचे खाते वेगळे ठेवावे आणि त्याला राज्याने तेवढीच भर घालावी. टीडीआर नको असलेल्या मालकाला 2013 च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे रोख मोबदला द्यावा. 978 हेक्टर एका वर्षात विकत घेता येणार नाहीत, वीस-पंचवीस वर्षे लागतील. न्यू जर्सीलाही साठ वर्षे लागली आहेत आणि काम अजून चालूच आहे. सुरुवात जेथे अतिक्रमण जवळ आले आहे तेथून व्हावी, आणि दरवर्षी कोणता सर्व्हे नंबर किती रकमेला घेतला याची यादी प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयात लावावी.

हे सारे मी त्या मित्राला फोनवर सांगितले, तेव्हा त्याने एकच विचारले: तुमच्याकडे मालकाच्या हातात पैसे पडायला किती दिवस जातात? मूल्यांकन, मोजणी आणि मालकीहक्काची तपासणी धरून वर्ष-दीड वर्ष लागू शकते, असे मी म्हणालो. ‘दीड वर्ष चालेल,’ तो म्हणाला. ‘आमच्या अण्णांनी पहिला अर्ज दिला त्याला बारा वर्षे झाली.’