एकाच क्वेरीत दोन व्हेअर आणि डोक्याचा भुगा

डेटाबेसात नवी ओळ घालताना तशीच ओळ आधी असेल तर काय करायचं, हे ऑन कॉन्फ्लिक्ट सांगतो. त्यात व्हेअर, म्हणजे अट, दोन ठिकाणी लिहिता येतो. दोन्हींची कामं पूर्ण वेगळी, आणि तरी शब्द एकच! पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ही सोय ९.५ पासून, म्हणजे २०१६ पासून आहे. तरी आजही अंधेरीपासून ऐरोलीपर्यंत कोड रिव्ह्यूला हाच घोळ पुढ्यात येतो, आणि रात्री प्रॉडक्शन बोंबललं की शिव्या बॅकएंडवाल्याला बसतात.

दुकानांच्या मालाचं साठा नावाचं टेबल घ्या. कॉलम आयडी, शाखा, माल, नग, रद्द, बदलवेळ. शाखा आणि माल यांच्यावर युनिक इंडेक्स (तीच जोडी दोनदा येऊ न देणारा), पण पार्शल, म्हणजे फक्त रद्द = फॉल्स असलेल्या, रद्द न झालेल्या ओळींपुरता. ठाणे शाखेचा नवा आकडा आला की इन्सर्टच्या (ओळ घालायच्या आज्ञेच्या) पुढे असं लिहावं लागतं; एक्सक्लूडेड म्हणजे नव्याने आलेली ओळ:

ऑन कॉन्फ्लिक्ट (शाखा, माल) व्हेअर रद्द = फॉल्स
डू अपडेट सेट नग = एक्सक्लूडेड.नग, बदलवेळ = एक्सक्लूडेड.बदलवेळ
व्हेअर साठा.बदलवेळ < एक्सक्लूडेड.बदलवेळ

वरचा व्हेअर एकही ओळ गाळत नाही. कुठला इंडेक्स धरायचा एवढंच तो सांगतो. टक्कर झालेली ओळ बदलायची की नाही, हे खालचा ठरवतो. वरचा लिहायचा राहिला की ४२पी१० एरर: जुळणारा युनिक कन्स्ट्रेंटच नाही म्हणे. अरे, इंडेक्स समोर दिसतोय ना! मग माणूस तीच अट खालच्या व्हेअरमध्ये घालतो आणि तीच एरर पुन्हा खातो, कारण इंडेक्स निवडताना खालच्या अटीकडे कोणी बघतच नाही.

याच्या उलटं झालं तर आणखी वाईट. इंडेक्स पार्शल नसून पूर्ण टेबलावर असेल, तरी वरचा व्हेअर बिनबोभाट चालून जातो. पूर्ण इंडेक्स उचलला जातो आणि ती अट नुसती शोभेला उरते. लिहिणाऱ्याला वाटतं रद्द ओळी सुरक्षित आहेत, आणि त्यांचेच नग बदलत राहतात. एक वॉर्निंग द्यायला काय जात होतं?

दादर स्टेशनात पश्चिम रेल्वेचा एक नंबर प्लॅटफॉर्म वेगळा आणि मध्य रेल्वेचा वेगळा होता, लोकांची धावपळ व्हायची. डिसेंबर २०२३ मध्ये मध्यच्या प्लॅटफॉर्मना ८ ते १४ नंबर दिले आणि प्रश्न मिटला. रेल्वेला जे जमलं ते इथे का जमू नये?

खालचा व्हेअर तर मुकाट्याने गिळतो. अट खोटी ठरली की ओळ बदलत नाही, एररही येत नाही. रिटर्निंग आयडी (घातलेल्या किंवा बदललेल्या ओळीचा आयडी परत दे) लिहिलं असेल तर हाती शून्य ओळी, आणि पुढचा कोड नलवर (रिकाम्या किमतीवर) आपटतो. वर ती न बदललेली ओळ ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत लॉक राहतेच! जुन्या ओळीत बदलवेळ नल असेल तर तुलनाही नल येते, म्हणजे ती ओळ या क्वेरीने कधीच बदलणार नाही. तिथे साठा.बदलवेळ इज नल ऑर असं आधी जोडावंच लागतं. दर वेळी. आणि सेटच्या डाव्या बाजूला टेबलचं नाव लावलं तर एरर, खालच्या व्हेअरमध्ये नाही लावलं तर कॉलम संदिग्ध म्हणून एरर. एकाच स्टेटमेंटमध्ये दोन उलटे नियम!

एसक्यूलाइट या दुसऱ्या डेटाबेसमध्ये सिलेक्टवरून (दुसऱ्या क्वेरीच्या निकालातून) अपसर्ट, म्हणजे ओळ असेल तर बदल नाहीतर घाल, असं करताना सिलेक्टला व्हेअर नसेल, तर उगाच व्हेअर ट्रू लिहायचा. नाहीतर पार्सर (क्वेरी वाचणारा भाग) ऑनला दोन टेबलं जोडणाऱ्या जॉइनचा ऑन समजतो.

मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये याच कामाच्या ऑन डुप्लिकेट की अपडेटला व्हेअरच नाही. प्रत्येक कॉलमला वेगळा इफ घाला, वर क्रम सांभाळा, कारण कॉलमना किमती डावीकडून उजवीकडे दिल्या जातात. बदलवेळ आधी लिहिली की पुढच्या नगच्या इफला नवीच वेळ दिसते, नवी वेळ नव्या वेळेपेक्षा मोठी नसते, आणि नग जुनाच राहतो. टेबलात वेळ आत्ताची, आकडा कालचा, लॉगमध्ये एक ओळ नाही. बदलवेळ सगळ्यात शेवटी लिहा, आणि तो क्रम का आहे याची कमेंट तिथेच टाका. नाहीतर पुढचा कोणीतरी कॉलम नीट लावून ठेवायच्या नादात ती वर सरकवणारच.