एरंडाचं गुऱ्हाळ

आधी कबुलीजबाब देऊन टाकतो. मी माझ्या कुत्र्याचा सड चिमट्याने उपटायचा प्रयत्न केलेला आहे. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्यांदा अशासाठी, की पहिल्या वेळी पकड सुटली असं मला वाटलं.

सुभेदार नर आहे. नर कुत्र्यालाही पोटावर दोन ओळींत सड असतात, हे वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षापर्यंत मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कुठे विचारायला गेलो नव्हतो. आदल्याच दिवशी त्याच्या कानातून टरारून फुगलेली एक गोचीड काढली होती, त्यामुळे आत्मविश्वास दांडगा. केसांतून बोटं फिरवताना काहीतरी गोल, मऊ, करडं लागलं. चिमटा लावला आणि ओढलं. सुभेदाराने मान वळवून माझ्याकडे असं पाहिलं, की आजही ते डोळे आठवले तर मी त्याला आणखी एक बिस्किट देतो. गाईच्या कासेला चिकटलेली गोचीड दूध सोडून रक्तच पिते, हा दृष्टांत आपण लहानपणापासून ऐकतो. पण त्यातली कास कुठली आणि गोचीड कुठली हेच न कळणारा मनुष्य मला कुठल्या कीर्तनात भेटला नव्हता.

"बाबा, ओढायच्या आधी पाय मोज," मुलगी म्हणाली. "गोचिडीला आठ पाय असतात."

"मला वाटलं, आत गेले असतील."

एक सांगतो, चूक होण्यासारखीच वस्तू आहे ती. उपाशी गोचीड तिळाएवढी, चपटी. पोट भरलं की थेट एरंडाची बी. हे माझं निरीक्षण नवं नाही. एरंडाचं शास्त्रीय नाव 'रिसिनस', आणि लॅटिनमध्ये रिसिनस म्हणजे गोचीड. त्या लोकांनी बी बघून झाडालाच गोचीड म्हणून टाकलं. आपण मराठी माणसं आणखी पुढे गेलो. लांबलेल्या, हाती काहीच न लागणाऱ्या खटाटोपाला आपण एरंडाचं गुऱ्हाळ म्हणतो. आमच्या घरी ते चार महिने चाललं.

सुरुवात पिसवांनी झाली. सुभेदार रात्रभर खाजवायचा आणि त्याचं ढोपर फरशीवर ठक ठक वाजायचं. डॉक्टरांनी बारीक दातांची फणी त्याच्या पाठीवरून फिरवली आणि निघालेली काळी पूड ओल्या पांढऱ्या कागदावर झटकली. पुडीभोवती तांबूस डाग पसरले. "ही माती नाही," डॉक्टर म्हणाले, "पिसवांची विष्ठा आहे. म्हणजे यानेच दिलेलं रक्त." पिसवांच्या अळ्या हीच पूड खाऊन वाढतात. वडिलोपार्जित इस्टेट म्हणतात ती हीच असावी.

"घरात मांजर आहे का?"

"नाही. का?"

"कुत्र्यांवर सापडणाऱ्या बहुतेक पिसवा मांजराच्या जातीच्या असतात."

सुभेदाराने मान खाली घातली. तो मांजराला भितो हे सगळ्यांना ठाऊक आहे. मांजराच्या पिसवांनाही ठाऊक असेल, हे त्याला नव्याने कळलं.

खरा धक्का पुढे होता. अंगावर दिसतात त्या मोठ्या पिसवा एकूण पसाऱ्याच्या जेमतेम 5 टक्के. बाकीचा संसार अंडी, अळ्या आणि कोषांच्या रूपात गालिच्यात, गादीत, सोफ्याच्या फटीत. एकेक मादी दिवसाला 50 पर्यंत अंडी घालते आणि ती गुळगुळीत असल्याने कुत्रा जाईल तिथे गळत राहतात. म्हणजे मी तीन आठवडे ज्याला घासत होतो तो सुभेदार फक्त वाहतुकीचं काम करत होता. माल माझ्या पलंगाखाली होता. त्यातले कोष तर कमालीचे चिवट. फवारणी त्यांच्यापर्यंत पोचत नाही, आणि महिनोन्‌महिने ते तसेच पडून राहू शकतात. जमिनीला हादरा बसला, ऊब आली, कुणाचा श्वास जाणवला की पिसू कोष फोडून बाहेर. आम्ही आठवडाभर कुलूप लावून गावाला गेलो होतो. परत येऊन दार उघडलं आणि सगळ्यांनी एकदम स्वागत केलं. माझ्या पांढऱ्या मोज्यांवर मोहरी तडतडत होती.

मग रोज व्हॅक्युम क्लीनर, अंथरुणं गरम पाण्यात. सुभेदाराच्या मानेवर सोडायला औषधाचे थेंब आणले. केस बाजूला करून थेट कातडीवर सोडायचे आणि दोन दिवस आधी, दोन दिवस नंतर आंघोळ नाही, हे मी नीट वाचलं होतं. आईने वाचलं नव्हतं. थेंब सोडले त्याच संध्याकाळी तिने त्याला साबण लावून न्हाऊ घातलं. "किती तेलकट झाला होता रे मानेवर," ती म्हणाली.

पिसवा आटोक्यात येताहेत तोवर गोचिडी. त्या उडत नाहीत, उडीही मारत नाहीत. गवताच्या टोकावर पुढचे पाय पसरून, रिक्षाला हात करावा तशा उभ्या राहतात. त्या पायांतच त्यांचं नाक. श्वास आणि ऊब तिथून कळते. बरं, कुत्र्यांवरची तपकिरी गोचीड बाहेरच राहील असंही नाही. ती घरातच पिढ्यान्‌पिढ्या नांदू शकते. पोट भरलं की मादी उतरते, भिंतीवर चढते, एखादी फट शोधते, हजारो अंडी घालते आणि मरून जाते. रात्री दोन वाजता मी शिडीवर, एका हातात टॉर्च, दुसऱ्यात चिकटपट्टी, असा पडद्याच्या दांडीमागे तपास करत असताना बायकोने दिवा लावला. काही न बोलता तिने तो पुन्हा मालवला.

सल्ले सगळ्यांकडे होते. एकाने रॉकेल सांगितलं, एकाने पेटती काडी. दोघं एका दिवशी भेटले नाहीत ही सुभेदाराची पुण्याई. लसूण चारा, असंही कुणीतरी म्हणालं. लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. डॉक्टरांनी सगळं मोडीत काढलं. रॉकेल ओता, चटका द्या, गोचीड वैतागून आतली लाळ जखमेतच ओकते आणि रोगाचे जंतू असले तर तेही. तिला अगदी कातडीलगत चिमट्यात धरायचं आणि पिळ न देता सरळ, सावकाश ओढायचं. बोटांनी चिरडायचं नाही, स्पिरिटच्या बाटलीत टाकायचं. "आणि खात्री करून," डॉक्टर म्हणाले. माझ्या पराक्रमाची बातमी मुलीने पोचवली होती.

हे सगळं मी तसं हसण्यावारीच नेत होतो. मग एका सकाळी सुभेदार दाराशी आलाच नाही. अंग तापलेलं, हिरड्या पांढुरक्या, आवडती चप्पल समोर टाकली तरी उचलेना. रक्ताच्या तपासणीत प्लेटलेट खूप खाली. गोचीड ताप, एर्लिकिया नावाचा जंतू. 28 दिवस डॉक्सिसायक्लिन. त्या दिवसांत मी एकही विनोद केला नाही, असं घरचे सांगतात.

बरा झाल्यावर डॉक्टरांनी चघळायची गोळी सुरू केली. तिचा असर 12 आठवडे टिकतो. औषध रक्तात उतरतं, आणि गोचीड किंवा पिसू चावली की मरते. म्हणजे आधी चावायला हवी, हे ऐकून आई फारशी खूश नव्हती. गोळीला मांसाचा वास असतो, कुत्रे आवडीने खातात, असं पाकिटावर लिहिलेलं. सुभेदाराने आजवर दोन चपला, एक रिमोट आणि माझ्या विम्याचा कागद खाल्लाय. गोळी हुंगून तो पलंगाखाली गेला. शेवटी मीच ती खाण्याचं नाटक केलं. तेव्हा त्याने झडप घालून हिसकावली.

आता तीन महिने झाले. सुभेदाराचं अंग स्वच्छ, भिंती स्वच्छ. तपासणी मात्र रोज चालूच आहे: कान, बोटांच्या बेचक्या, पट्ट्याखाली, शेपटीचं मूळ. काम मुलीकडे आहे, माझ्याकडून चिमटा काढून घेतलाय. काल रात्री मी वर्तमानपत्र वाचत बसलो होतो, आणि एकाएकी मानेला काहीतरी गार लागलं.

"बाबा, हलू नकोस. सापडली."

"अगं, तीळ आहे तो! जन्मापासूनचा आहे."

"एकदा ओढून बघू दे," ती म्हणाली. सुभेदार समोर येऊन, पुढचे दोन्ही पाय जुळवून, नीट बसला.