‘५० सांगून १६ गाणी दिली’ या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार भाऊ,

तुम्ही दोन स्टार दिलेत आणि चार तक्रारी लिहिल्यात. अमेरिकन पॉप गायिका मॅडोनाची ‘५० नंबर वन’ गाणी सांगून १६ गाण्यांचा अल्बम गळ्यात मारला. गाणी ओरिजिनल नाहीत, कुणा डीजेने वाजवलेली डुप्लिकेट आहेत. ‘ला इस्ला बोनिता’ त्यात नाहीच. आणि पहिली रेकॉर्ड वाकडी निघाली. शेवटी ‘मालक फार बोलतो’ असंही आहे. ते खरंय, पुढे वाचलंत की खात्री पटेल.

पहिली तक्रार शंभर टक्के मान्य. तुम्ही नेलेला ‘फायनली इनफ लव्ह’ २०२२ मध्ये दोन रूपांत निघाला. एक १६ गाण्यांचा, दोन एलपींचा, म्हणजे दोन मोठ्या रेकॉर्डींचा. दुसरा ५० गाण्यांचा, सहा एलपींचा. नाव तेच, फक्त मोठ्याला पुढे ‘फिफ्टी नंबर वन्स’ असं शेपूट. आमच्या पोराने एकच पाटी लिहून दोन्ही एका कप्प्यात ठेवले, तुम्ही पाटी वाचून छोटा उचललात. बिल करताना मी बघायला हवं होतं. माझं लक्ष एकाच्या टर्नटेबलची सुई बदलण्यात होतं. पाटी काढून टाकली आहे.

डुप्लिकेट मात्र म्हणू नका, ते लागतं. हे दुकान उभं राहिलं ते कॅसेटी भरून देण्यावर. गिऱ्हाईक वहीच्या कागदावर यादी आणायचं, आम्ही साठ मिनिटांची कॅसेट भरून द्यायचो. (तेव्हा जळगावात सगळेच करायचे. कायद्याचं विचारू नका.) बी साइडला तीन मिनिटं उरली की त्यात कुठलं गाणं बसवायचं यावर काउंटरवर भांडणं व्हायची. तेव्हापासून निवडक गाण्यांचा कुठलाही अल्बम हातात आला की मी आधी बघतो, यादी कुणाची?

इथे यादी बिलबोर्ड या अमेरिकन संगीत नियतकालिकाच्या डान्स क्लब चार्टवरून आलेली. अमेरिकेतल्या क्लबांचे डीजे काय वाजवतात ते कळवायचे, त्यावर तो चार्ट लागायचा. मॅडोना त्यावर ५० वेळा पहिली आली, पन्नासाव्यांदा २०२० मध्ये. म्हणून अल्बमवर रिमिक्स आहेत, तेही अधिकृत. १९९८ चं ‘फ्रोझन’ तुमच्या कानात आहे ते संथ, व्हायोलिनचं. इथे त्याच्या खाली क्लबचा ठोका आहे. मलाही जुनंच आवडतं, पण म्हणून हे नकली होत नाही.

यादीची गंमत बघा. ‘हॉलिवूड’ २००३ साली बिलबोर्डच्या शंभर गाण्यांच्या मुख्य यादीत शिरलंसुद्धा नाही, पण डान्स चार्टवर पहिलं, म्हणून ते तुमच्या एलपीवर आहे. उलट ‘पापा डोन्ट प्रीच’ १९८६ मध्ये मुख्य यादीत पहिलं, डान्समध्ये नाही, म्हणून ते ५० वाल्यातही नाही. ‘ला इस्ला बोनिता’ही डान्समध्ये पहिलं आलं नाही, म्हणून तेही नाही. म्हणजे मी मोठा सेट दिला असता तरी तुम्ही दोनच स्टार दिले असते, वर पैसे जास्त गेले असते.

तुम्हाला हवा तो २००९ चा ‘सेलिब्रेशन’. दोन सीडी, ३६ गाणी, ‘ला इस्ला बोनिता’ आणि ‘फ्रोझन’ दोन्ही त्यात. क्रम मात्र विस्कटलेला, पहिलंच गाणं २००५ चं. काही जण १९९० चा ‘इमॅक्युलेट कलेक्शन’ सुचवतील. १७ गाण्यांचा, चांगलाच आहे, पण त्यातली बरीचशी गाणी क्यूसाउंड या ध्वनितंत्रासाठी नव्याने मिक्स केलेली, काही कापलेली. तुमचा कान ते लगेच पकडेल. शिवाय ‘फ्रोझन’ त्याच्या नंतरचं.

आता वाकडी रेकॉर्ड. बिलावर दुपारचे १२:४० आहेत, महिना मे, आणि धुळ्याला जाताना पारोळ्यात जेवायला थांबलो असं तुम्हीच लिहिलंय. आपल्याकडच्या उन्हात बंद गाडीत, मागच्या काचेखाली एलपीचा पापड होतो. सुई होडीसारखी वर-खाली होते आणि सूर लांबतो. तरीही यात तुम्हाला बोल लावत नाही. पिशवीत घालताना मीच सांगायला हवं होतं, एवढा बोलतो तर.

दोन्ही एलपी घेऊन या, बिल नसलं तरी चालेल. ‘सेलिब्रेशन’ घ्या आणि वरचे पैसे परत न्या, किंवा सगळे पैसे न्या. फक्त सकाळी लवकर निघा, आणि वाकलेली रेकॉर्ड घरी सपाट करायला जाऊ नका. मागे एकाने इस्त्री फिरवली होती.