अनुभव आणि नोंदणी: हडपसरच्या ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मुलाच्या वाढीसाठी किंवा स्वतःच्या मनासाठी मदत घ्याल तेव्हा समोरच्याची नोंदणी तपासा, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. हा सल्ला पुण्यातल्या कोथरूडच्या सुखवस्तू घरांपुरता आहे, असं तुमचं म्हणणं. तुमच्या बहिणीच्या चार वर्षांच्या मुलाला एका नोंदणीकृत तज्ज्ञाने दहा मिनिटांत ‘ऑटिझम’ (स्वमग्नता) सांगितलं, तीन हजार घेतले आणि पुढचा पेशंट बोलावला. बहिणीला सावरलं ते पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपने. मी आयांच्या अनुभवाला कमी लेखते, असा तुमचा आरोप आहे. आणि अगदी शेवटी एक ओळ आहे: ग्रुपमधल्या एकीच्या मुलाला स्टेमसेलने, म्हणजे मूळ पेशी टोचून करतात त्या उपचाराने, फरक पडला, म्हणून बहीण दागिने मोडायचा विचार करते आहे.

बाकीच्या मुद्द्यांवर आपण सावकाश वाद घालू. ही ओळ मात्र थांबू शकत नाही, म्हणून आधी तीच घेते.

बहिणीला दागिने मोडू देऊ नका. ऑटिझमवरचा उपचार म्हणून स्टेमसेलची शिफारस करता येत नाही, आणि तो सुचवणं किंवा त्याची जाहिरात करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरेल, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने डिसेंबर २०२२ मध्येच सांगितलं आहे. त्याआधी २०१७ मध्ये आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, मार्गदर्शक तत्त्वं आली. रक्ताच्या काही ठरावीक आजारांतलं प्रत्यारोपण वगळता स्टेमसेलचा वापर फक्त मंजूर झालेल्या चाचणीत करायचा, असं ती सांगतात. आणि चाचणीत भाग घेणाऱ्या माणसाकडून पैसे घ्यायचे नसतात. त्यामुळे जिथे लाखांचं पॅकेज सांगतात, तिथे चाचणी चालू नाही आणि मान्य उपचारही चालू नाही. मग पैसे कशाचे, हे त्यांनाच विचारा, आणि उत्तर लेखी मागा.

ग्रुपमधली ती आई खोटं बोलते असं मी म्हणत नाही. तिने मुलात फरक पाहिला, तो खराच असणार. पण तीन ते सहा या वयात मुलं बदलतातच, ऑटिझम असलेलीसुद्धा. शब्द वाढतात, नजर थोडी जास्त वेळ ठरते, शाळेच्या रोजच्या क्रमाची सवय होते. त्याच महिन्यांत स्पीच थेरपी चालू असते, रोजची कामं स्वतः करायला शिकवणारी ऑक्युपेशनल थेरपी चालू असते, आई घरी रोज तासतासभर घेऊन बसत असते. यातलं कशाने काय झालं, हे एका मुलाकडे बघून कुणालाच सांगता येत नाही, त्या आईला नाही आणि मलाही नाही. मला खटकतं ते हे की अशा वेळी श्रेय सगळ्यात महागड्या गोष्टीला जातं, आणि आईने वर्षभर घेतलेले कष्ट हिशेबातच येत नाहीत. आयांना कमी लेखणं म्हणतात ते याला.

आता त्या दहा मिनिटांविषयी. तुमचा राग रास्त आहे. ऑटिझमचं निदान असं होत नाही. गरोदरपणापासूनची हकीकत विचारावी लागते, मूल खेळताना बघावं लागतं, विकासाची तपासणी करावी लागते, आणि बऱ्याचदा दोन-तीन वेळा बोलवावं लागतं. श्रवणचाचणी तर हवीच, कारण हाक मारल्यावर न बघणाऱ्या मुलाला कधीकधी ऐकूच येत नसतं. शेवटी हातात लेखी अहवाल यायला हवा. तुम्ही जे सांगितलंत त्यात यातलं काहीच दिसत नाही.

पण म्हणून नोंदणी निरुपयोगी ठरत नाही. नोंदणी ही चांगुलपणाची हमी नव्हे, तसा माझा दावाही नव्हता. माणूस चुकला तर तक्रार कुठे करायची, एवढंच तिने ठरतं. मानसोपचारतज्ज्ञ किंवा बालरोगतज्ज्ञ असेल तर महाराष्ट्र वैद्यक परिषद आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, स्पीच थेरपिस्ट आणि विशेष शिक्षक यांच्यासाठी भारतीय पुनर्वास परिषद आहे. १९९२ च्या कायद्याने आलेली ही परिषद प्रत्येकाला नोंदणी क्रमांक देते, आणि तो तिच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. नुसती ‘काउन्सेलर’ ही पाटी मात्र काही सांगत नाही. तिच्यामागे दोन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण असू शकतं, शनिवार-रविवारचा कोर्सही असू शकतो. क्रमांक विचारायला पैसे लागत नाहीत आणि इंग्रजी यावं लागत नाही. “मॅडम, तुमचा नोंदणी क्रमांक लिहून द्याल का?” हा प्रश्न हडपसरलाही तेवढाच विचारता येतो. ज्याला त्याचा राग येईल, त्याच्याकडे परत जायची गरज नाही.

खर्चाचा मुद्दा खरा आहे. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते. अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा तपासायचं असतं, तेव्हा अंगणवाडीताईंना विचारा. पुढची तपासणी जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात होते, ते आपल्याकडे औंधच्या जिल्हा रुग्णालयात आहे. हडपसरहून औंध म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं टोक, मूल कडेवर घेऊन दोन बस, हे मला ठाऊक आहे. ससून हे सरकारी रुग्णालय त्यातल्या त्यात जवळ. रास्ता पेठेत केईएम रुग्णालयाचं बालविकास केंद्र आहे. तिथे शुल्क लागतं, पण परवडत नसेल तर सवलतीबद्दल आधीच विचारायला संकोच करू नका.

आणि कोथरूडचं म्हणाल तर पुण्यात वस्त्यांमध्ये उभं राहिलेलं कामही आहे. बापू ट्रस्टने कमी उत्पन्नाच्या वस्त्यांमध्ये ‘सेहेर’ हा उपक्रम चालवला. मानसिक आरोग्याचं काम दवाखान्याबाहेर, शेजारपाजार धरून करायचं अशी त्याची रीत. संस्थापक डॉ. भार्गवी दावर यांनी मनोरुग्णालयांच्या पद्धतीवर आयुष्यभर कडक टीका केली. तज्ज्ञांना प्रश्न विचारणं या शहराला नवीन नाही, आणि मला त्याचं वावडंही नाही.

ग्रुपबद्दल तुम्ही लिहिलंय ते वाचून मला बरं वाटलं. रात्री अकराला “आज तो खूप रडला” एवढंच लिहिता येणं, आणि पलीकडून “माझाही” असं उत्तर येणं, हे कुठलाही तज्ज्ञ देऊ शकत नाही. पुण्यात या गोष्टीची जुनी परंपरा आहे. मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये सुरू झालं, आणि व्यसनी माणसाच्या बायकोलाही आधार लागतो हे ओळखून तिथे ‘सहचरी’ गट चालले. स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजारासाठी डॉ. जगन्नाथ वाणी यांनी १९९७ मध्ये सुरू केलेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनमध्ये स्वमदत गट हा कामाचा कणाच आहे. पण चांगल्या गटाला मर्यादा कळते. आपला अनुभव सांगायचा, दुसऱ्याचं औषध बदलायचं नाही. कुठल्या खिडकीवर कोणता कागद लागतो, कुठली थेरपिस्ट मुलाशी प्रेमाने बोलते, दिवाळीच्या फटाक्यांत मुलाला कसं सांभाळायचं, हे ग्रुपलाच विचारा. निदान बरोबर आहे का, गोळी बंद करू का, लस देऊ का, हे विचारू नका. लसीचं मुद्दाम लिहिते, कारण गोवराच्या लसीने ऑटिझम होतो हा फॉरवर्ड अजून फिरतो. ज्या शोधनिबंधावरून ही भीती पसरली तो १९९८ चा, आणि ‘द लॅन्सेट’ने तो २०१० मध्ये मागे घेतला.

तुमच्या ग्रुपची अॅडमिन कोण, ती कुठल्या सेंटरशी जोडलेली आहे का, आणि कुणी शंका काढली तर तिला गप्प करतात का, हे बघा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर सावध राहा.

मी मराठी शाळेत बरीच वर्षं वर्ग सांभाळला आहे, म्हणून शाळेबद्दल दोन शब्द. “याला स्पेशल शाळेत घाला” हे बहिणीला लवकरच ऐकावं लागेल. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा ऑटिझमला नाव घेऊन दिव्यांगत्वात धरतो. सरकारी अनुदानाच्या किंवा मान्यतेच्या शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा, असं तो सांगतो. चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा या वयात मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, आपल्या पसंतीने. म्हणजे निवड मुलाची आणि पालकांची, मुख्याध्यापकांची नव्हे. त्यासाठी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, आत्तापासून करायला घ्या. ते हातात आलं की ऑटिझमसारख्या दिव्यांगत्वासाठी काम करणाऱ्या राष्ट्रीय न्यास या सरकारी संस्थेच्या ‘निरामय’ योजनेचा अर्जही करता येतो. त्यात वर्षाला एक लाखापर्यंतचं आरोग्यविम्याचं कवच आहे, आणि थेरपीचा खर्चही त्यात धरतात. प्रमाणपत्राने मुलावर शिक्का बसेल, ही भीती मी अनेक आयांच्या डोळ्यांत पाहिली आहे. शिक्का मारणारे कागद नसतानाही मारतात. कागद असला तर निदान शाळेशी बोलताना हातात काहीतरी असतं.

बहिणीचं स्वतःचं कसं चाललंय, हे तुम्ही लिहिलं नाहीत. सासरी “तूच मोबाईल दाखवलास” असं कुणी म्हणत असेल, तर तिला ठाम सांगा की आईच्या वागण्याने ऑटिझम होत नाही. झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर १४४१६ वर फोन करायला लावा. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे, २०२२ पासून चालू आहे. चोवीस तास, मोफत, आणि मराठीत बोलता येतं.

तीन हजारांचं काय करायचं, तेही सांगते. त्या दवाखान्यात लेखी अर्ज देऊन तपासणीच्या नोंदींची प्रत मागा. वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे डॉक्टरला ती ७२ तासांत द्यावी लागते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. मिळालेला कागद घेऊन ससूनला किंवा औंधला जा, आणि तिथे श्रवणचाचणीपासून सुरुवात करायला सांगा. कागद मिळालाच नाही तर मला कळवा, वैद्यक परिषदेकडची तक्रार आपण मिळून लिहू.