‘कोंबड्यांना लाड आणि हरणाला गोळी?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

नोव्हेंबरच्या शिकारीवर मी लिहिलं, त्याखाली तुम्ही खरपूस प्रतिक्रिया टाकलीत. नव्याने येणाऱ्यांसाठी ती थोडक्यात सांगते. एकीकडे परसातल्या कोंबड्यांना नावं ठेवायची (बारशाची, दुसरी नव्हेत), थंडीत त्यांच्या तुऱ्यांना व्हॅसलीन चोळायचं आणि दुसरीकडे शेजाऱ्याने मारलेल्या हरणाचं मटण मिटक्या मारत खायचं, हा दुटप्पीपणा आहे. दुकानात सगळं मिळत असताना मारायचं कशाला? भारतात असतात तर तुरुंगात असता. अमेरिकेत जाऊन संस्कार विसरलात. आणि शेवटी एक प्रश्न, त्याकडे मी सगळ्यात शेवटी येते.

आधी पटलं ते. त्या लेखात मी शिकारीची पहाट जत्रेसारखी रंगवली होती. पेट्रोल पंपावर शिकाऱ्यांच्या नारिंगी जाकिटांची गर्दी, वाफाळती कॉफी, कुणाला किती शिंगांचा नर दिसला याच्या गप्पा. त्यात मेलेलं हरीण जवळजवळ नव्हतंच. तुमचा ‘पिकनिक’ हा शब्द लागला, आणि लागायलाच हवा होता.

संस्कारांचं मात्र नाही पटत. माझं आजोळ कणकवलीच्या बाजूला. आजी तिच्या कोंबड्यांना ‘गो बाय’ म्हणून हाक मारायची, संध्याकाळी एकेक मोजून डालग्याखाली झाकायची, खुडूक बसलेलीला स्वतःच्या हाताने दाणे द्यायची. आणि मुंबईचे पाहुणे आले की त्यातलीच एक वाटणात. गावाची राखण करणाऱ्या देवाला, राखणदाराला, कोंबडा द्यायचा तो तर वर्षभर डोळ्यांत तेल घालून वाढवलेला असे. तिला यात विसंगती दिसली असेल असं मला वाटत नाही. मी तिच्याकडूनच आले आहे.

तुरुंगाचं बरोबर आहे. भारतात १९७२ च्या कायद्याने हरणाची शिकार गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या या नैऋत्य कोपऱ्यात गोष्ट वेगळी आहे. लांडगे माणसांनी १९६० च्या सुमारास राज्यातून संपवले होते. ते परतले, पण मुख्यतः उत्तरेच्या जंगलात. इकडे डोंगरउतारावर ओक, खाली मका आणि सोयाबीन, म्हणजे पांढऱ्या शेपटीच्या हरणांना बारमाही पंगत. ओकची रोपं गुडघ्याच्या वर जातच नाहीत, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात रात्री गाडी चालवताना हरीण कधी आडवं येईल म्हणून जीव मुठीत असतो. नऊ दिवसांचा बंदुकीचा मोसम थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरअखेरचा इथला मोठा सण) आधीच्या शनिवारी सुरू होतो. परवाना लागतो, मारलेल्या प्रत्येक जनावराची दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत नोंद करावी लागते, आणि ते मटण विकायला बंदी आहे. म्हणून शेजारचे आजोबा मला देतात आणि मी त्यांना अंडी देते. पैशांचा संबंध येत नाही.

मागच्या वर्षी मी एकदा त्यांच्यासोबत मचाणावर बसले. नारिंगी जाकीट घालून, तीन तास, पाय बधिर. उजाडल्यावर एक मादी आली, अगदी पन्नास पावलांवर. आजोबांनी बंदूक उचललीच नाही. ती समोरून तोंड करून उभी होती. तशी गोळी घातली तर जनावर जखमी होऊन रानात पळतं आणि तडफडून मरतं. बराच वेळ ती मक्याची ताटं हुंगत राहिली, एकदाही आडवी वळली नाही, मग निघून गेली. ‘जाऊ दे,’ एवढंच ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांना एक मिळाली. पोट उघडलं तेव्हा त्या थंडीत आतून वाफ आली. मी मान वळवली होती, हेही मागच्या लेखात लिहायला हवं होतं.

आता माझ्या कोंबड्यांचं, कारण तुमच्या मते मी तिथे प्रेमळ आहे. तीन वर्षांपूर्वी रात्री रॅकूनने (रात्री हिंडणारा इथला एक रानटी प्राणी) माझ्या दोन तलंगा मारल्या. दोष माझा. खुराड्याला मी स्वस्तातली षटकोनी जाळी मारली होती. ती जाळी कोंबडी आत ठेवते, बाहेरच्याला अडवत नाही. रॅकूनला हात असतो, चक्क बोटांचा, आणि तो जाळीला टेकून झोपलेल्या पाखराला भोकातून ओढतो. जेवढं बाहेर येईल तेवढं घेऊन जातो. सकाळी उरलेलं मी फावड्याने उचललं. पुढचे चार दिवस मला तो रॅकून मरायला हवा होता, आणि हालहाल होऊन. त्या मचाणावर असला राग मला औषधालाही दिसला नव्हता. पाचव्या दिवशी अर्ध्या इंचाची जाड तारेची जाळी आणली आणि गप्प बसले.

‘मिटक्या मारत’ हेही तितकंसं खरं नाही. इथल्या हरणांना सीडब्ल्यूडी नावाचा मेंदूचा रोग होतो. २००१ च्या मोसमात मारलेल्या हरणांत तो राज्यात पहिल्यांदा सापडला, तोही आमच्याच बाजूला. माणसाला झाल्याची नोंद नाही, पण लागण झालेलं मटण खाऊ नका असं सरकारी आरोग्य खातं सांगतं. म्हणून मुंडकं चार-पाच इंच मानेसकट पिशवीत घालून तपासणीच्या पेटीत ठेवायचं, फॉर्म भरायचा आणि थांबायचं. तोवर पाकिटं फ्रीजरच्या तळाला, वर पांढरी चिकटपट्टी: ‘निकाल यायचा आहे’. दोन वर्षांपूर्वी आजोबांच्या नराचा निकाल वाईट आला. वीसेक किलो मटण त्यांनी काळ्या पिशव्यांत भरून टाकून दिलं. त्या दिवशी ते कुणाशी बोलले नाहीत.

(निकाल चांगला आला तर खिमा करते. या मटणाला चरबी जवळजवळ नसतेच, नुसतं शिजवलं की चिवट होतं. ओल्या खोबऱ्याचं वाटण जरा सढळ घालावं लागतं.)

आणि तुमचा शेवटचा प्रश्न: अंडी द्यायची थांबलेल्या कोंबड्यांचं काय करता? इथे तुम्ही मला पकडलंत. दोघी आहेत, सात वर्षांच्या. एकीने शेवटचं अंडं कधी दिलं ते मलाही आठवत नाही. फुकट दाणे खातात आणि नव्या तलंगांना चोची मारतात. दर नोव्हेंबरात आजोबा विचारतात, कापून देऊ का? आणि मी दरवेळी म्हणते, पुढच्या वर्षी बघू.