पाणाडी

"कितीवर लागतंय पाणी?"

रविवारी सकाळी साडेसहाला, ठाण्यात उपवन तलावाच्या काठावर, एका आजोबांनी मला हे विचारलं. आज बुधवार. अजून डोक्यातून जात नाही.

येऊरच्या डोंगरात जाणारी मंडळी यायची होती. जीपीएसमध्ये नव्या बॅटऱ्या घातल्या होत्या, आणि बॅटऱ्या बदलल्या की त्यातलं होकायंत्र नव्याने जुळवावं लागतं. म्हणजे डबडं हातात धरून गोल फिरवायचं: एकदा आडवं, एकदा उभं, एकदा कुशीवर. लांबून बघणाऱ्याला वाटावं, हा तलावाची दृष्ट काढतोय.

आजोबांना तसं नाही वाटलं. पांढरे बूट, हातात पिशवी, पिशवीत जास्वंदी (कुणाच्या तरी कुंपणातल्या, पैज लावतो).

"पाणाडी ना तुम्ही? जमिनीखालचं पाणी सांगणारे?"

"नाही हो काका, जीपीएस आहे. कंपास कॅलिब्रेट करतोय."

"तेच ते. पूर्वी तळहातावर नारळ घेऊन फिरायचे, आता मशीन आलं. आमच्या सोसायटीत दोन बोअर कोरड्या गेल्या. घोडबंदरला. किती घेता?"

"यात पाणी नाही कळत. दिशा कळते आणि उंची."

"उंची? खोली नाही?"

"नाही."

"अरेरे." हे त्यांनी खरोखर मनापासून म्हटलं. "बरं, मग उत्तर दिशा कुठे ते सांगा."

सांगितली. आजोबांनी वळून सूर्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "वीस वर्षं इथे सूर्याला नमस्कार करतोय मी. तुमची उत्तर पूर्वेला सरकलीय."

मी लोखंडी कठड्याला टेकलो होतो. लोखंडाजवळ होकायंत्र फसतं, हे मला पाठ आहे, सांगायला तोंडही उघडलं. पण तोवर त्यांनी फेऱ्या मारणाऱ्या दोघांना हाक मारली होती, "अहो, या इकडे, यांचं मशीन बघा!"

आणि उंचीचं तरी काय? माझं यंत्र ती हवेच्या दाबावरून काढतं. दाब एक हेक्टोपास्कल उतरला की यंत्राला वाटतं, आपण साडेआठ मीटर चढलो. आपल्याकडे ढगाचा ठिपका नसतानाही सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत दाब तीनेक हेक्टोपास्कल उतरतो. म्हणजे मी तिसऱ्या मजल्यावर वामकुक्षी घेत असतो, आणि हे मला पंचवीस मीटर वर, अकराव्या मजल्यावर नेऊन निजवतं. आमची इमारत सात मजली आहे. यावर उपाय काय, तर जिथली उंची पक्की ठाऊक आहे तिथे उभं राहून तो आकडा यंत्राला आपणच सांगायचा. अरे, मला ठाऊक असता तर तुला कशाला आणलं असतं? नव्या फ्रिजचे पैसे घातलेत यात. जुना अजून घुरघुरतो, आणि तो घुरघुरला की बायको बोलत काही नाही, नुसती माझ्याकडे बघते.

आजोबांवर मात्र धड चिडताही येत नाही. ठाणं म्हणे तलावांचं शहर. मजले वीस-वीस चढवायचे, नळाला पाणी येईल न येईल, दारात टँकर ठरलेला, महिन्याचं बिल वेगळं. अशा गावात माणूस भरल्या तलावाच्या काठावर उभा राहून पाणाडी शोधत असेल, तर त्याला हसायचं कुठल्या तोंडाने?

जाताना त्यांनी माझा नंबर घेतला. काल रात्री फोन आला. "कमिटीत विषय काढला. सेक्रेटरी म्हणतात, एकदा फिरवून तर बघू दे. पाचशे देतो."

मी हजार सांगितलेत.